ए३२०ची टॅक्सी, व्ही-वन आणि बाबांचा प्रश्न

भाऊ, आधी अभिनंदन. आमगावजवळच्या खेड्यातून बिरसी विमानतळावरची विमानं बघत मोठं व्हायचं, तिथूनच सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, काढायचं आणि आता ए३२० या एअरबसच्या प्रवासी विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे तेच विमान चालवायचं खास प्रशिक्षण, हे काही लहान काम नाही. तू तीन गोष्टी विचारल्या: टॅक्सी, म्हणजे विमान जमिनीवर चालवत नेणं, हे नुसतं पिवळ्या रेघेवर चालवणं का, टेकऑफच्या धावेतल्या व्ही-वन या वेगाला नेमकं काय ठरतं, आणि बाबांचा प्रश्न, की ४५ डिग्रीत नागपूरहून विमान उठते तरी कसे. कॉलआउट, म्हणजे कॉकपिटमध्ये ठरल्या वेळी मोठ्यानं बोलायचे शब्द, पाठ केले की झालं, असं तुझे मित्र म्हणतात. कॉलआउट दोन संध्याकाळीत पाठ होतात बाप्पा. धावपट्टीवर विचार करायला वेळ नसतो, म्हणून सगळा विचार गेटवरच उरकावा लागतो. खरी मेहनत तिथं आहे.

तू शिकलास त्या छोट्या डायमंड विमानाचं पुढचं चाक मोकळं असतं, ब्रेक मारून वळायची पायाला सवय लागते. ती सवय आता सोड. ए३२०मध्ये वळायला हाताशी हँडव्हील आहे, त्यानं पुढचं चाक ७५ अंशांपर्यंत फिरतं. पेडलनं जेमतेम ६ अंश, ते टेकऑफच्या धावेत सरळ राहण्यापुरतं. शिवाय तू पुढच्या चाकाच्याही पुढे बसलेला असतोस आणि मुख्य चाकं पार मागे. धानानं भरलेली ट्रॉली बांधाच्या कोपऱ्यावर वळवताना मागची चाकं आत कापतात ना, तसंच इथंही होतं. म्हणून आपली खुर्ची रेघ ओलांडून पुढे गेली तरी घाबरायचं नाही, जरा थांबून मगच वळवायचं. सरळ रस्त्यावर जास्तीत जास्त ३० नॉट (ताशी साधारण ५५ किमी), काटकोनात १०.

ब्रेकबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण आपल्याकडच्या उन्हात तेच छळतात. वजन कमी असलं की इंजिन आयडलवर, म्हणजे सगळ्यात कमी ताकदीवर, असतानाही विमान पळू लागतं, आणि नवा माणूस पाय ब्रेकवर ठेवूनच चालतो. कार्बन ब्रेकला ते मानवत नाही. वेग ३०पर्यंत जाऊ दे, एकदा नीट दाबून १०वर आण आणि पाय काढ. ब्रेकचं तापमान ३०० अंशांच्या वर असेल तर टेकऑफ करायचा नाही. ब्रेक फॅन चालू असतील तर हीच मर्यादा १५०, कारण फॅनची हवा सेन्सरला गार करते आणि आकडा खोटा कमी दिसतो. चाकं पोटात घेतल्यावर हायड्रॉलिक तेल गळून तापलेल्या ब्रेकवर पडलं तर पेट घेऊ शकतं, म्हणून ही काळजी. मे महिन्याच्या दुपारी विमान लगेच परत निघायचं असलं की हा आकडा उतरायची वाट बघत बसावं लागतं.

सुरुवातीला बहुतेक ठिकाणी टॅक्सी कॅप्टनच करतो. मग तू काय करायचं? विमानतळाचा नकाशा समोर, कान रेडिओवर, डोळे बाहेर. विमान वळणावर असताना मान खाली घालून कॉम्प्युटरमध्ये आकडे भरत बसू नको, आधी कॅप्टनला सांग. होल्डिंग पॉइंटला, म्हणजे धावपट्टीत शिरण्याआधी थांबायच्या जागी, चार पिवळ्या रेघा असतात, दोन अखंड आणि दोन तुटक. अखंड रेघा आपल्या बाजूला असतील तर टॉवरची परवानगी स्वतः ऐकल्याशिवाय, ती रेडिओवर परत म्हणून दाखवल्याशिवाय पुढे जायचं नाही. २७ मार्च १९७७ला टेनेरिफला धुक्यात दोन जम्बो एकाच धावपट्टीवर धडकले, ५८३ माणसं गेली. एकाला वाटलं आपल्याला सोडलंय. तेव्हापासून 'टेकऑफ' हा शब्द रेडिओवर फक्त प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरतात, एरवी 'डिपार्चर'. कॅप्टन कितीही जुना असो, शंका आली तर बोलायचं. 'सर काय म्हणतील' हा आपला गावाकडचा भिडस्तपणा कॉकपिटमध्ये चालत नाही.

आता टेकऑफ. थ्रस्ट, म्हणजे इंजिनचा जोर, आधी ५० टक्के एन-वनवर (एन-वन म्हणजे इंजिनच्या पुढच्या पंख्याचा वेग) स्थिर करायचा, दोन्ही इंजिनं सारखी आली की मग फ्लेक्स (मुद्दाम कमी ताकद, पुढे सांगतो) किंवा टोगा (पूर्ण ताकद). साइडस्टिक, म्हणजे बाजूची दांडी, अर्धी पुढे, ८० नॉटपासून हळूहळू सोडत १००ला मधोमध. १०० नॉटच्या आत काहीही खटकलं तर थांबायला मोकळीक आहे. १००नंतर मात्र किरकोळ गोष्टींसाठी थांबायचं नाही. आग, इंजिनची ताकद अचानक जाणं, विमान उडणारच नाही अशी खात्री पटणं, असंच काही हवं.

व्ही-वनचा घोळ बहुतेकांचा असतो. व्ही-वन म्हणजे 'आता ठरवा' नव्हे. थांबायचं असेल तर थांबण्याची पहिली कृती तोवर झालेली असली पाहिजे. १४० नॉटला विमान सेकंदाला ७२ मीटर जातं. तू एक सेकंद 'काय झालं बुवा' म्हणत बसलास तर ७२ मीटर धावपट्टी गेली. म्हणून कॅप्टनचा हात व्ही-वनपर्यंत थ्रस्ट लिव्हरवर असतो आणि व्ही-वनला तो मुद्दाम काढून घेतो. पुढे इंजिन गेलं तरी उडायचंच. 'रोटेट' म्हटलं की साधारण सेकंदाला ३ अंशांनी नाक वर, मग 'पॉझिटिव्ह क्लाइंब' (विमान चढतंय), 'गिअर अप' (चाकं आत). उडाल्यावर घाई नको.

सराव ओसरीतल्या खाटेवर बसूनही होतो. डोळे मिटून धाव मोजायची, बहिणीला मध्येच कुठेही 'आग' म्हणायला सांगायचं आणि त्या क्षणी वेग किती होता यावरून थांबायचं की जायचं ते बोलायचं. मॅन्युअल फोनवर उतरवून ठेव, गावात नेटवर्कचा भरवसा नाही.

आता बाबांना काय सांगायचं? नागपूर समुद्रसपाटीपासून ३१५ मीटरवर, पण ४५ डिग्रीत तिथली हवा पातळ होऊन विमानाला जवळजवळ ५,००० फुटांवरच्या हवेसारखी लागते. म्हणजे आपल्या चिखलदऱ्यापेक्षाही वरची. पंखांना उचल कमी, म्हणून जास्त वेगापर्यंत धावावं लागतं. इंजिनंही एका ठरावीक तापमानापर्यंतच पूर्ण ताकद देतात, पुढे आतलं तापमान मर्यादेत ठेवायला ताकद उतरत जाते. हिवाळ्याच्या सकाळी आपण कॉम्प्युटरला 'बाहेर ५५ डिग्री आहे' असं खोटं सांगून मुद्दाम कमी ताकदीनं उडतो, इंजिनचं आयुष्य वाढतं. त्यालाच फ्लेक्स म्हणतात. मेमध्ये खोटं बोलायला जागाच फार उरत नाही, खरे आकडेच तिथं पोचलेले असतात. तरी नागपूरची धावपट्टी ३,२०० मीटर आहे, त्यामुळे बहुतेक वेळा भागतं. नाहीच भागलं तर एसीला जाणारी इंजिनची हवा टेकऑफपुरती बंद करायची, पंखांच्या फ्लॅपची ठेवण बदलून हिशोब करून बघायचा, आणि तेवढ्यानंही आकडा जुळला नाही तर माल उतरवायचा. बाबांनी कधी उन्हाळ्यात सामान नंतरच्या विमानानं येताना पाहिलं असेल, तर त्यामागे हाही हिशोब असू शकतो.