वाचकांचे प्रश्न : ट्रेलरवरची २२ फुटी बोट बाहेरच्या समुद्रात न्यायची का?

प्रश्न (मेलबर्नहून एक वाचक) : काका नमस्कार. दोन वर्षांपूर्वी एक जुनी २२ फुटी ट्रेलर यॉट घेतली, कील (बोटीच्या पोटाखालचं वजनदार पातं) वर खेचता येते अशी, मागे सहा हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन आहे. पोर्ट फिलिप बेमध्ये बायको आणि मुलीबरोबर बऱ्यापैकी फिरलोय. आता मित्र म्हणतायत हेड्सच्या, म्हणजे बेच्या तोंडाच्या बाहेर, बास स्ट्रेटच्या खुल्या समुद्रात एक चक्कर मारूया. चार्टप्लॉटर (समुद्राचा नकाशा दाखवणारा स्क्रीन), सोलर पॅनल, ऑटोपायलट आणि एक छोटा फ्रिज अशी लिस्ट केलीय, बजेट चार हजार डॉलर. सुरुवात कशापासून करू?

उत्तर : लिस्ट वाचली आणि हसू आलं, कारण पंधरा वर्षांपूर्वी माझीही हीच होती, फक्त फ्रिजच्या जागी स्टिरिओ होता. त्यातलं वाईट काहीच नाही रे, पण बाहेर गेल्यावर तुला वाचवणारं त्यात एकही नाही.

ट्रेलर बोट म्हणजे घडीची बोट. डोलकाठी आडवी होते, कील पोटात जाते, सुकाणू उचललं जातं, आणि मोटारीला ओढता यावी म्हणून वजनही कमी ठेवलेलं असतं. आतल्या पाण्यात ही सगळी सोय आहे, बाहेर मात्र घडीचा प्रत्येक सांधा म्हणजे एक शंका. म्हणून पैसे खर्च करायच्या आधी एक रविवार बोट ट्रेलरवर ठेवूनच हे सांधे बघत बस.

पहिली कील. ती खाली सोडल्यावर तिथेच अडकवून ठेवायची पिन किंवा बोल्ट असतो, आणि बेमध्ये आपण तो लावत नाही कारण वाळूला टेकली तर कील आपोआप वर उचलली जावी. बाहेर याच्या उलट. लाटेने बोट आडवी पाडली आणि कील घसरून परत पोटात गेली तर बोटीला उभं करणारं वजनच उरत नाही, मग ती आडवीच राहते किंवा पूर्ण उलटते. तेव्हा हेड्स यायच्या आधी पिन लावायची आणि आत आल्यावर काढायची, आणि ती पिन गंजून भोकातच बसलेली नाहीये ना हे घरी बघायचं. माझी बसलेली होती, हातोडीने काढावी लागली.

दुसरं म्हणजे पाणी आत येऊ न देणं. केबिनच्या दाराला त्या सरकत्या फळ्या असतात ना, वॉशबोर्ड, त्या आपण कुशनखाली कुठेतरी टाकून देतो. एकदा मी बेच्या तोंडाजवळ, म्हणजे अजून आतच होतो, फळ्या काढलेल्या, आणि मागून एक लाट कॉकपिटमध्ये, म्हणजे मागच्या उघड्या बसायच्या जागेत चढली ती सरळ केबिनमध्ये गेली, गाद्या, चहाचा डबा, बायकोची शाल सगळं पोहायला लागलं आणि बोट इतकी जड झाली की सुकाणूचं ऐकेना. एवढी गोष्ट घरी अजून ऐकवली जाते. आता खालच्या दोन फळ्या कायम लावलेल्या असतात आणि प्रत्येकीला दोरी बांधलेली, म्हणजे बोट उलटी झाली तरी निसटत नाहीत. कॉकपिटमध्ये बादलीने पाणी ओत आणि किती वेळात निचरा होतो ते बघ, भोकं अंगठ्याएवढी असली तर मोठी करून घे. पंप हवाच, पण घाबरलेल्या माणसाच्या हातातल्या बादलीएवढा जोर कुठल्याच पंपाला नसतो.

तिसरी डोलकाठी आणि तिच्या तारा. कायम उभ्या असलेल्या डोलकाठीच्या तारांपेक्षा आपल्या तारा जास्त मार खातात, कारण दर वेळी काठी पाडताना त्या वाकतात, पायाखाली येतात, ट्रेलरवर घासतात. कापसाचा बोळा घेऊन प्रत्येक तारेवरून फिरव, जिथे कापूस अडकेल तिथे एक धागा तुटलेला आहे, ती तार बदल, वाद घालू नकोस. खालच्या टोकाला जिथे तार फिटिंगमध्ये दाबून बसवलेली असते तिथे मीठ साचतं, तिथल्या बारीक भेगा भिंगातूनच दिसतात. आणि पिनांमधल्या रिंगांवर टेप गुंडाळ, शीड घासून रिंग निघते आणि मग एका पन्नास सेंटच्या रिंगपायी सगळी काठी खाली.

मोठ्या शिडाला दोन रीफ, म्हणजे वारा वाढला की शीड गुंडाळून लहान करायच्या दोन पायऱ्या हवेत आणि दोन्ही कॉकपिटमध्ये बसून बांधता आले पाहिजेत. हवामानाच्या अंदाजात पंधरा नॉट (ताशी सागरी मैल) लिहिलं असेल तर तो सरासरी वारा असतो. हवामान खातं स्वतःच सांगतं की झोत सरासरीच्या चाळीस टक्के वर जाऊ शकतो, म्हणजे एकवीस नॉट, आणि सगळ्यात मोठी लाट सांगितलेल्या उंचीच्या दुप्पट असू शकते. त्यामुळे दीड मीटर वाचलंस की तीन मीटर ऐक.

आता इंजिन. आपलं आउटबोर्ड अगदी मागच्या टोकाला लटकलेलं, बोट लाटेवरून खाली डोकं घालते तेव्हा पंखा हवेत फिरतो आणि नुसती बोंब मारतो, म्हणून लांब शाफ्टचं इंजिन हवं. पण जास्त वेळा इंजिन बंद पडतं ते वेगळ्याच कारणाने. बेमध्ये टाकीच्या तळाचा गाळ गप्प बसलेला असतो, बाहेरच्या लाटांनी तो घुसळला जातो आणि नेमका नको त्या जागी फिल्टरमध्ये अडकतो. टाकी रिकामी करून धू, ताजं पेट्रोल भर. आणि इंजिन चालू असलं तरी शिडं चढवायला तयार आणि नांगर नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर बांधलेला, एका ओढीत सुटेल असा. नांगर बॅगेत आणि बॅग बंकखाली, म्हणजे नांगर नसल्यातच जमा.

चार हजारातले पहिले पैसे कपड्यांवर, म्हणजे लाइफ जॅकेटवर. लेव्हल १५० ची (हा आकडा तरंगवण्याच्या जोराचा), प्रत्येकाच्या मापाची, मुलीची तिला घालून बघूनच घे. हेड्समधून जाताना ती अंगात असणं कायद्यानेच लागतं. मग माणसाला बोटीशी अडकवून ठेवणारे हार्नेस आणि ते अडकवायला नाळेपासून मागपर्यंत डेकवर ताणलेले पट्टे. व्हीएचएफ रेडिओ, त्यात एक गोची अशी की डोलकाठी पाडायची म्हणून अँटेनाच्या वायरला डेकवर प्लग असतो आणि तो प्लग गंजतो, मग पाच वॅटचा छोटा हातातला सेटसुद्धा बोटीवर बसवलेल्या पंचवीस वॅटच्या सेटपेक्षा बरा पडतो, तेव्हा दोन्ही ठेव. मदत मागायचा चॅनल १६ सगळ्यांना माहितीय, ऑस्ट्रेलियात ६७ वर पण ऐकायची सवय लाव. आणि ईपर्ब, म्हणजे संकटात सिग्नल पाठवणारा बीकन, ४०६ मेगाहर्ट्झचा, व्हिक्टोरियात किनाऱ्यापासून दोन सागरी मैलांपलीकडे जायचं तर तो लागतोच. ऑस्ट्रेलियन मेरिटाइम सेफ्टी अथॉरिटीकडे नोंदणी फुकट आहे, ती कर, नाहीतर सिग्नल गेला तरी बोट कोणाची आणि फोन कुणाला करायचा हे त्यांना कळत नाही. सेकंडहँड घेतलास तर बॅटरीची तारीख बघ आणि आधीच्या मालकाचं नाव काढून घे. यानंतर पैसे उरले तर चार्टप्लॉटर. फ्रिज नाही.

आता खरी गोष्ट. एवढं सगळं लावलंस तरी चुकीच्या वेळेला गेलास तर उपयोग नाही. पॉइंट लॉन्सडेल आणि पॉइंट नेपियनमधलं ते तोंड साधारण तीन किलोमीटरचं, त्यातही खडकांमुळे वापरायची वाट अजून अरुंद, आणि एवढ्या तोंडातून सुमारे १,९५० चौरस किलोमीटरची बे दिवसातून दोनदा भरते आणि दोनदा रिकामी होते. म्हणून तिथला प्रवाह सहा नॉट आणि कधी त्याहून जास्त. तुझी बोट पाण्याच्या रेषेवर १९ फूट धरली तर तिचा जास्तीत जास्त वेग साधारण पावणेसहा-सहा नॉट. म्हणजे प्रवाह उलटा असेल तर सगळी शिडं लावून इंजिन ओरडत असताना तू किनाऱ्याकडे बघत एकाच जागी उभा. आणि ओहोटीचं पाणी बाहेर धावतंय आणि समोरून नैर्ऋत्येचा मोठा स्वेल, म्हणजे लांबून येणाऱ्या लाटा येतायत अशी गाठ पडली की लाटा उभ्या भिंतीसारख्या होतात, तिथे २२ फुटी बोटीचं कामच नाही. या जागेला उगाच द रिप म्हणत नाहीत. नेपियनच्या बाहेरच्याच बाजूला शेव्हिएट बीचवर १९६७ च्या डिसेंबरात देशाचा पदावर असलेला पंतप्रधान, हॅरॉल्ड होल्ट, पोहायला उतरला तो सापडलाच नाही.

लोकांचा घोटाळा होतो तो इथे. भरती पूर्ण झाली म्हणजे पाणी थांबलं असं आपल्याला वाटतं. तिथे तसं नाही. तोंड बारीक आणि बे मोठी, त्यामुळे बाहेर भरती संपली तरी आत पाणी भरतच राहतं, आणि प्रवाह थांबतो तो पॉइंट लॉन्सडेलच्या भरती किंवा ओहोटीनंतर साधारण तीन तासांनी. या थांबलेल्या पाण्याच्या वेळांचं वेगळं कोष्टक मिळतं, तेच वापरायचं, भरती-ओहोटीचं नाही.

आणि पहिल्या खेपेला दोनातली कुठली वेळ निवडायची तर बाहेर जाणारं पाणी थांबतं ती. म्हणजे तू शांत पाण्यात बाहेर पडलास की मागोमाग प्रवाह आत वळतो आणि पुढचे पाच-सहा तास तो तुला घरी आणायला तयार असतो, वारा चढला, मुलगी ओकायला लागली, काहीही झालं तरी फिरायचं आणि आत. उलट वेळ निवडलीस तर जाताना मजा येते, प्रवाह बाहेर ढकलतो, पण परतीचं दार तेवढे तास बंद. मोठ्या जहाजांच्या वाटेतून लांब राहा, ती थांबू शकत नाहीत. आणि पहिल्यांदा बायको-मुलीला नको नेऊस, ज्याने दहा वेळा ही वाट केलीय असा एक माणूस ने, त्याला जेवायला घाल.

प्रश्न (ब्रिस्बेनहून एक वाचक) : आमचे हे बोटीचे कॅप्टन, पण ट्रेलर मीच चालवते. यंदा हिवाळ्यात एअर्ली बीचला ओढत नेऊन व्हिटसंडे बेटांमध्ये आठवडाभर फिरायचंय. ११०० किलोमीटर आहे. ह्यांचं सगळं लक्ष शिडांकडे, ट्रेलरचं काय बघू?

उत्तर : ताई, तुमचं काम त्यांच्यापेक्षा अवघड आहे, सांगा त्यांना. ट्रेलर बोटीचा मोठा गुणच हा की वाऱ्याच्या तोंडावर ती ताशी नव्वदने जाते, हायवेवरून. पण माझ्या ओळखीतल्या जास्त सहली समुद्रात नाही, रस्त्याच्या कडेलाच संपल्यात, आणि त्यातली एक माझी.

कारण चाकाचं बेअरिंग. लांबून आलं की ते तापलेलं असतं, तसंच खाऱ्या पाण्यात उतरवलं की आतली हवा एकदम आकसते आणि सीलमधून पाणी आत खेचलं जातं, ग्रीसचं होतं लोणी आणि महिन्याभराने बेअरिंग जाम. म्हणून रँपवर, म्हणजे बोट पाण्यात उतरवायच्या उतारावर पोचलात की आधी चहा प्या, अर्धा-पाऊण तास, मग उतरवा. दर दोन तासांनी थांबून हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला हात लावा, कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर पुढे जाऊ नका. बेअरिंगचा एक पूर्ण सेट, ग्रीस, जॅक आणि ट्रेलरचं स्पेअर चाक सोबत. ट्रेलरचे टायर बघताना खोबण्या बघू नका, वय बघा, झिजायच्या आधीच ते उन्हाने तडकतात.

ब्रेकचा नियम असा की भरलेल्या ट्रेलरचं चाकांवरचं वजन ७५० किलोच्या वर गेलं की ब्रेक लागतात, आणि २००० च्या वर सगळ्या चाकांना ब्रेक, शिवाय ट्रेलर सुटला तर आपोआप लागणारी सिस्टीम. बोटीचं कागदावरचं वजन धरू नका हं, त्यात पाण्याचे कॅन, इंजिन, नांगराची साखळी आणि ह्यांचे मासेमारीचे डबे नसतात. एकदा वजनकाट्यावर न्याच. नाळेकडचं वजन कमी पडलं तर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो, एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास हूकवर यायला हवं.

आणि एक काम कॅप्टनवर सोडू नका. डोलकाठी उभी करायच्या आधी तुम्ही स्वतः वर बघा. काठी अॅल्युमिनियमची, वर विजेची तार, आणि उभी काठी घेऊन पार्किंगमधून रँपकडे जाताना तर जास्तच. सगळे खाली बघत असतात, एकाने वर बघायचं.

प्रश्न (पुण्याहून एक विद्यार्थी) : काका, असली बोट घेऊन आपल्याकडे मांडव्यापासून अलिबागपर्यंत जाता येईल का?

उत्तर : बोट न्यायला हरकत नाही, उतरवायची कुठे हा प्रश्न. मुंबईच्या आसपास उधाणाला पाणी चार-पाच मीटर वरखाली होतं, त्यामुळे भरतीला जिथे उतार दिसतो तिथे ओहोटीला गुडघाभर चिखल, ट्रेलर आत गेला की रुतलाच. वेळ साधूनच उतरवायची आणि वेळ साधूनच काढायची. पावसाळ्यात विचारही करू नकोस, १ जून ते ३१ जुलै मच्छीमारांच्या यांत्रिक बोटीसुद्धा बंद असतात. आणि आधी डिंगीवर शिक, छोटी बोट उलटते तेव्हाच वारा कळतो. नौदलाचे दिलीप दोंदे २००९-१० मध्ये शिडाच्या बोटीतून एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले ती म्हादेई गोव्यात बांधलेली, ५६ फुटी, आणि तिची कील पक्की, पोटात जाणारी नव्हे. हे मुद्दाम सांगतोय, फोटो बघून २२ फुटीत निघशील म्हणून.

वेळेचा हिशोब कोळ्यांकडून शिकून घे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजायच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो म्हणून छापील कोष्टक बघायचंच. पण ट्रेलर पाण्यात घालायच्या आधी तिथल्या एखाद्या तांडेलाला (मच्छीमार बोटीच्या प्रमुखाला) विचार, आणि तो नको म्हणाला तर गाडी वळवून वडापाव खाऊन घरी जा.