१९६४ ची ब्युइक रिव्हिएरा घ्यायची असेल तर इंजिन सगळ्यात शेवटी बघा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: ओहायोत राहता, शेजारच्या आजोबांच्या गॅरेजमध्ये १९६४ ची ब्युइक रिव्हिएरा कित्येक वर्षं उभी आहे, "इंजिन ठणठणीत आहे, बॅटरी टाकली की सुरू होईल" असं ते म्हणतात. घ्यावी का, खर्च कुठे होतो आणि पुढे सांभाळायला किती जड जाते? मी डेट्रॉइटच्या एका उपनगरात राहतो आणि माझ्याकडे त्याच सालची रिव्हिएरा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी हे ठणठणीत इंजिन बाजूला ठेवू. इंजिन जाम असलं तरी मी ही गाडी घेईन, पण पत्रा सडलेला असेल आणि क्रोमच्या पट्ट्या गायब असतील तर फुकटातही घेणार नाही. का, ते कळायला थोडा इतिहास लागतो. ही गाडी मुळात कॅडिलॅकसाठी, म्हणजे ब्युइकसारख्याच जनरल मोटर्सच्या दुसऱ्या विभागासाठी, आखली होती; 'लासाल' हे जुनं नाव पुन्हा वापरायचा बेत होता. जनरल मोटर्सचे डिझाइनप्रमुख बिल मिचेल यांना रोल्स-रॉइसचा रुबाब आणि फेरारीची चपळाई एकाच गाडीत हवी होती. कॅडिलॅककडे मागणी आधीच भरपूर होती, त्यांनी नको म्हटलं. मग कंपनीतल्या इतर विभागांत चढाओढ लागली आणि ब्युइकने बाजी मारली. १९६३ च्या मॉडेलसाठी आकडा ४०,००० वर रोखून धरला होता, १९६४ मध्ये ३७,६५८ गाड्या बनल्या. आता मुद्दा. १९६३ ते ६५ या तीन वर्षांत रिव्हिएराची बॉडी जनरल मोटर्सच्या दुसऱ्या कुठल्याही गाडीला वापरली गेली नाही. दरवाजे, काचा, बॉनेट, मागचे फेंडर, झाडून सगळ्या पट्ट्या फक्त हिच्याच. यंत्रभाग मात्र ब्युइकच्या मोठ्या गाड्यांचाच, म्हणजे इलेक्ट्रा किंवा वाइल्डकॅटमध्ये मिळेल तसाच. त्यामुळे वॉटर पंप बिघडला तर आठवड्यात घरपोच येतो, आणि मागच्या काचेभोवतीची एक पट्टी हरवली तर वर्षभर जुन्या भागांच्या बाजारात चपला झिजवाव्या लागतात.

म्हणून बघायला जाताना बॅटरी नको, टॉर्च आणि लोहचुंबक न्या.

पहिल्यांदा डिकी उघडा. आतलं मॅट पूर्ण उचला आणि मागच्या काचेच्या खालच्या दोन कोपऱ्यांच्या बरोबर खाली टॉर्च मारा. काचेच्या क्रोमपट्टीखाली पाणी आणि पाचोळा साठतो, तिथला पत्रा आतून कुजतो आणि पाणी डिकीत झिरपायला लागतं. वरून बघाल तर पट्टीशेजारी रंगाला दोन-चार फोड आलेले दिसतील, बस. खाली मात्र तपकिरी ओघळ असतील आणि स्पेअर चाकाच्या खोबणीत गंजाचा चुरा. ओघळ जुना आणि कोरडा असेल तर हरकत नाही. बोटाने दाबल्यावर पत्रा दबला, तर काच काढून, पट्ट्या न वाकवता सोडवून, नवा पत्रा वेल्ड करणं आलं. ते काम चांगल्या माणसाकडूनच करून घ्यायचं, आणि चांगला माणूस स्वस्त नसतो.

मग गाडीखाली जा. हिची चौकट (चासी) इंग्रजी एक्स आकाराची आहे, मध्ये निमुळती, आणि दारांखालून जाणारे बाजूचे दांडे तिला नाहीतच. दारांच्या मधल्या भागाला आधार देतात ते फरशीचा पत्रा आणि उंबऱ्याखालची पोकळ पेटी, ज्याला इकडे रॉकर म्हणतात. इतर गाडीत रॉकर गंजला तर दिसायला वाईट, इथे गाडीचा कणाच ढिला होतो. ओहायो काय, मिशिगन काय, हिवाळ्यात रस्त्यावर मीठ. तेव्हा रॉकरवर चुंबक फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे आत पत्रा कमी आणि पुट्टी जास्त. चुंबक छताच्या मागच्या जोडाशीही चिकटणार नाही, तिथे घाबरू नका. कारखान्यातच ते सांधे शिशाने भरत असत. पण पुढे कधी तो भाग घासायचा झाला तर तोंडावर चांगला मास्क हवा.

दार अर्धवट उघडून मागच्या टोकाला धरून वर उचलून बघा. दारं लांबलचक आणि जड आहेत, काचांना चौकट नाही, मध्ये खांब नाही. बिजागऱ्या झिजल्या की दार लोंबतं, काच रबरावर नीट टेकत नाही, आणि ताशी साठ मैलांना कानाशी शिट्टी वाजते. बिजागऱ्यांचं काम सोपं आहे. काचा बसवणं मात्र संयमाचं काम. एक सरळ केली की दुसरी रुसते.

आता क्रोम, म्हणजे खरा खड्डा. बंपर पोलादी आहेत, ते कुठलाही प्लेटर, म्हणजे क्रोमचा मुलामा देणारा, करून देतो. पण चिन्हं, दिव्यांच्या कडा, आतले बरेच तुकडे जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचे आहेत, ज्याला इथे पॉट मेटल म्हणतात. त्यावर बारीक पुरळ उठतं. ते क्रोमवर नसतं, क्रोमच्या खालून धातूच फुगलेला असतो. प्लेटर आधीचा थर उतरवतो, एकेक खड्डा कोरून साफ करतो, तांबं चढवून भरतो, घासतो, पुन्हा तांबं, मग निकेल आणि शेवटी क्रोम. तळहाताएवढ्या तुकड्याला काही शे डॉलर सहज जातात. आमच्या इथल्या प्लेटरकडे मी तुकड्यांचा खोका घेऊन गेलो तेव्हा त्याने एकेक तुकडा उजेडात फिरवून तीन ढीग केले आणि तिसऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हे करण्यापेक्षा चांगले शोध." ऐकलं त्याचं. दोन तुकडे सोडले तर सगळे रिव्हिएरा ओनर्स असोसिएशनच्या सभासदांकडून मिळाले. सभासद व्हा, गाडी घ्यायच्या आधीच व्हा. तिथले म्हातारे फोनवर तासभर बोलतात आणि पैसे मागत नाहीत.

इंजिनाबद्दल तुमचं नशीब चांगलं आहे. १९६४ मध्ये ४२५ घनइंची, म्हणजे सात लिटरचं व्ही-८ स्टँडर्ड होतं, ३४० अश्वशक्तीचं. ब्युइकच्या या घराण्याला लोक नेलहेड म्हणतात, कारण त्याचे उभे व्हॉल्व्ह लहान, खिळ्याच्या डोक्यासारखे. मजबूत इंजिन आहे. पण "बॅटरी टाकून सुरू" अजिबात करू नका, आजोबांनी कितीही आग्रह केला तरी. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, एक-दोन दिवस राहू द्या, मग क्रँकच्या बोल्टला पाना लावून हाताने फिरवा. टाकीतलं पेट्रोल आतापर्यंत व्हार्निश झालेलं असेल. टाकी उतरवून साफ करा आणि रबरी नळ्या सगळ्या बदला. आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलला जुनं रबर टिकत नाही. एअर क्लीनर आणि हीटरची पेटी उघडून उंदराचं घरटं आहे का बघा, बहुतेक असेलच. मागच्या बाजूने तेलाचे थेंब पडतील. क्रँकचं मागचं सील दोरीचं आहे, उभ्या गाडीत ते सुकतं. खाली पुठ्ठा टाका आणि तेवढ्यासाठी इंजिन उतरवू नका.

सुरू करण्याच्याही आधी ब्रेक बघा. १९६४ मध्ये मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलचा दाब ब्रेकच्या नळ्यांत पोचवणारा भाग, एकेरी होता: एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. ब्युइकने दुहेरी सिलिंडर १९६७ पासून दिला. मी तो बदल करून घेतलाय आणि मूळपणाचा हट्ट धरणाऱ्यांशी वाद घालत बसत नाही. पुढचे ड्रम मात्र तसेच ठेवा. अॅल्युमिनियमचे, थंड राहायला बाहेरून कंगोरे असलेले, आत बिडाचं अस्तर, त्या काळच्या ड्रममध्ये फार चांगले. लेथवर उगाच घासू देऊ नका, अस्तर संपलं की ड्रम संपला.

गिअरबॉक्सही १९६४ चा घेण्यासारखा. त्याआधीच्या वर्षी डायनाफ्लो होता, तो चालताना गिअर बदलतच नाही, सगळं टॉर्क कन्व्हर्टरवर, म्हणजे तेलातून जोर पोचवणाऱ्या भागावर. नवख्याला वाटतं क्लच घसरतोय. तुमच्यात तीन गिअरचा सुपर टर्बाइन ४०० आहे, म्हणजेच टर्बो हायड्रामॅटिक ४००. आतले भाग अमेरिकेतला कुठलाही जुना गिअरबॉक्सवाला डोळे मिटून भरेल. बाहेरचा खोका मात्र नेलहेडलाच बसणारा असतो, शेवरोलेचा आणून चालत नाही. कुणी "बदलून टाकतो" म्हणाला तर तिथून निघा.

सांभाळणं फार जड नाही. जुन्या कॅमशाफ्टसाठी जस्ताचं प्रमाण चांगलं असलेलं तेल, कॉम्प्रेशन १०.२५ ला १ असल्यामुळे प्रीमियम पेट्रोल, हिवाळ्यात टाकी भरून त्यात स्टॅबिलायझर आणि बॅटरीला ट्रिकल चार्जर. टायर नक्षी बघून ठरवू नका, बाजूवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बघा, त्यात आठवडा आणि वर्ष असतं. एसी असेल तर तो आर-१२ वायूवर चालायचा. अमेरिकेत त्याचं उत्पादन १९९५ अखेर थांबलं, तेव्हा आर-१३४ए करून घ्या किंवा खिडक्या उघडा. आणि गाडी चालवत राहा. उभ्या गाडीची सीलं सुकतात, चालती गाडी कमी त्रास देते. आमच्या मिशिगनमध्ये ऐतिहासिक नंबरप्लेटवर एरवी प्रदर्शनं, क्लबचे कार्यक्रम एवढंच चालतं, ऑगस्टमध्ये मात्र पूर्ण मोकळीक; त्याच महिन्यात डेट्रॉइटच्या वुडवर्ड अॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची मिरवणूक, असते. या एकदा, हिचे भाऊबंद एका रांगेत दिसतील.

पूर्ण रिस्टोरेशनबद्दल माझं मत तुम्हाला कदाचित आवडणार नाही. आतली सीटं फाटलेली नसतील आणि रंग फक्त मळका असेल तर हात लावू नका. चांगलं बॉडी आणि रंगकाम पाच आकडी डॉलरला जातं, आणि विकताना ते पैसे बहुतेक वेळा परत मिळत नाहीत. ब्रेक, इंधन, टायर, वायरिंग एवढं करून एक उन्हाळा चालवा, मग ठरवा.

सौदा ठरला तर आधी 'ठरलेल्या किमतीचा' विमा घ्या. नेहमीच्या विम्यात घसारा लावतात आणि साठ वर्षांची गाडी कवडीमोल ठरते. ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खांबावर नंबराची पट्टी दिसेल, ती टायटलवरच्या, म्हणजे मालकीच्या कागदावरच्या, नंबराशी ताडून बघा. किल्ल्या दोन प्रकारच्या मागा: एक इग्निशन आणि दारांची, दुसरी डिकी आणि ग्लोव्ह बॉक्सची. गॅरेजच्या फळ्यांवर, माळ्यावर, तळघरात काही पट्ट्या किंवा हबकॅप ठेवलेत का तेही विचारा, कारण जुने मालक काढलेला तुकडा टाकत नाहीत आणि नंतर विसरतात. आणि ओहायोत टायटलवरची विकणाऱ्याची सही नोटरीसमोर व्हावी लागते, तेव्हा आजोबांना घेऊन जायला दुपार मोकळी ठेवा.