दुसरं इंजिन आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस

मल्टी-इंजिन रेटिंग, म्हणजे एकापेक्षा जास्त इंजिनांचं विमान उडवायची परवानगी घेतोयस, आनंद आहे. पण एक गोष्ट आधी डोक्यात पक्की कर. एक इंजिन बंद पडलं की शक्ती निम्मी होते, पण वर चढण्याची क्षमता बहुतेक छोट्या विमानांत 80 टक्क्यांहून जास्त घटते. गरम हवेत, भरलेल्या वजनात कधीकधी काहीच उरत नाही.

जीव जातात ते बहुधा टेकऑफनंतरच्या काही सेकंदांत. चालू इंजिन विमानाला बंद इंजिनाकडे वळवतं, पायलट घाबरून नाक वर ओढतो, वेग वेगमापकावरच्या लाल रेषेखाली (एका इंजिनावर विमान ताब्यात राहण्याचा किमान वेग) जातो, रडर (शेपटीवरचं, पायाने चालवायचं सुकाणू) अपुरा पडतो आणि विमान उलटं होतं. म्हणून आधी नाक खाली घे, निळ्या रेषेचा, म्हणजे एका इंजिनावर सर्वात चांगलं चढवणारा वेग धर. रडर दाबून विमान सरळ धरताना जो पाय रिकामा, त्या बाजूचं इंजिन बंद. तरीही त्याचं थ्रॉटल (शक्ती कमी-जास्त करणारा दांडा) मागे घेऊन खात्री कर, मगच प्रोपेलर फेदर कर, म्हणजे त्याची पाती हवेच्या दिशेला समांतर कर. घाईत चालू इंजिनच बंद केल्याचे अपघात झालेत, हे मला फार अस्वस्थ करतं.

इंधन कुठल्या टाकीतून घ्यायचं ते ठरवणारे सिलेक्टरही नीट तपास. आणि धावपट्टी समोर शिल्लक असेल, तर दोन्ही थ्रॉटल बंद करून सरळ उतर.