प्रेसवर बोट गेलं आणि मालक ५० हजारांत सही मागतोय

भाचा हिंगणा एमआयडीसीत ठेकेदाराकडून कामाला, वय ३०, पगार १५ हजार, पत्रा दाबणाऱ्या पॉवर प्रेस यंत्रावर तर्जनी मुळापासून गेली, आणि मालक ५० हजार देऊन स्टॅम्प पेपरवर सही मागतोय, असं तुम्ही लिहिलंय. सही करू देऊ नका. हक्क सोडल्याचा करार कायद्यापुढे टिकत नाही, पण पैसे हातात पडले की माणूस दावा लावायला जात नाही. मालकाला तेवढंच हवं असतं.

आधी ईएसआयचं, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचं बघा. कारखान्यात १० किंवा जास्त माणसं आणि पगार २१ हजारांपर्यंत असेल तर ठेकेदाराचा माणूसही त्यात येतो. नोंदणी केली नव्हती म्हणून हक्क बुडत नाही. कामावरच्या इजेला किमान वर्गणीची अट नाही, आणि दिलेला लाभ ईएसआय महामंडळ मालकाकडून वसूल करू शकतं. उपचार चालू असेपर्यंत मजुरीच्या ९० टक्के मिळतात. पुढे वैद्यकीय मंडळ ठरवेल त्या टक्क्यांनी आयुष्यभर मासिक लाभ. अख्ख्या तर्जनीला कायद्याच्या परिशिष्टात १४ टक्के आहेत (दोन पेरांना ११, एका पेराला ९), म्हणजे मजुरीच्या ९० टक्क्यांचे १४ टक्के, महिन्याला साधारण १,८९० रुपये.

माणसं १० पेक्षा कमी असतील तर भरपाई थेट मालकाकडून. १५ हजारांचे ६० टक्के ९,०००. त्याला कायद्याच्या तक्त्यातला वय ३० चा गुणक २०७.९८ लावला की १८,७१,८२०. त्याचे १४ टक्के २,६२,०५५ रुपये. महिनाभरात दिली नाही तर १२ टक्के व्याज, वर ५० टक्क्यांपर्यंत दंड. ‘ठेकेदाराकडे जा’ म्हटलं तरी ही रक्कम मुख्य मालकाकडे मागता येते, त्याने ती ठेकेदाराकडून वसूल करावी. मात्र ईएसआय लागू असेल तर हा दावा चालत नाही. दोन्हीकडून मिळत नाही.

खरी भांडणं पुराव्यावर होतात. हजेरी कार्ड, गेट पास, पगाराची बँक एंट्री, सुपरवायझरचे व्हॉट्सॲप मेसेज आजच जपून ठेवा. दवाखान्याच्या केसपेपरवर इजेचं कारण काय लिहिलंय ते वाचा. दवाखान्यात नेणारा कंपनीचा असला की ‘घरी लागलं’ असं लिहून घेतलेलं सापडतं.

प्रेसचे फोटो सहकाऱ्याकडून मिळवा. दोन्ही बटणं एकदम दाबल्याशिवाय रॅम, म्हणजे वरून आदळणारा भाग, खाली यायला नको. उत्पादन वाढवायला एक बटण टेपने दाबून ठेवतात किंवा पेडल जोडतात, मग एक हात डायमध्ये (रॅमखालच्या साच्यात) जायला मोकळाच राहतो. भरपाईच्या दाव्यात मालक म्हणेल, गार्ड (हात आत जाऊ न देणारं संरक्षक आवरण) कामगारानेच काढला. त्याने तो जाणूनबुजून काढला हे मालकाला दाखवावं लागतं, आणि गार्डच्या बोल्टच्या भोकांत जुनं ग्रीस, बुरा भरलेला दिसला, म्हणजे गार्ड आधीपासूनच नव्हता, तर मालकाचं ते म्हणणं तिथेच लंगडं पडतं.

अपघातामुळे कामगार ४८ तास कामावर येऊ शकला नाही की मालकाने औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला कळवायचं असतं. कळवलं नसेल तर नागपूर कार्यालयात तुम्हीच लेखी तक्रार द्या, पोच घ्या. अपघात २१ नोव्हेंबर २०२५ चा किंवा नंतरचा असेल तर कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेची नवी संहिता लागते. तिच्यात बोट कायमचं जाणं ही गंभीर इजा. मालकाने कर्तव्य न पाळल्याने ती झाल्याचं सिद्ध झालं तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा २ ते ४ लाख दंड, किंवा दोन्ही. आणि दंडातला किमान निम्मा भाग जखमीला देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं. त्याआधीच्या अपघाताला १९४८ चा कारखाने अधिनियम, म्हणून तक्रारीत तारीख ठळक लिहा.