'नंतर' म्हणजे नेमकं कधी?

प्रश्न : मी वाशीम जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मराठी साहित्य घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे तीन वर्षांचं एलएलबी करायचं मनात आहे. बाबा म्हणतात, "कायदा इंग्रजीतला, तू मराठीची, तिथे तुझं काय काम?" सीनियर मुली सांगतात, कायद्याच्या अन्वयार्थाचा पेपर म्हणजे नुसती लॅटिन वचनांची घोकंपट्टी. माझं चुकतंय का? आणि जाडजूड पुस्तकं आत्ताच घेऊन ठेवू का?

उत्तर : तुझ्या शेजारच्या अकोल्यापासूनच सुरुवात करू. तिथल्या एका विड्याच्या पानांच्या व्यापाऱ्याला विक्रीकर लावला गेला. भाजीपाल्याला करमाफी होती, म्हणून त्याचं म्हणणं असं की पानं ही वनस्पतीच, म्हणजे भाजीच. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९६१ साली न्यायालयाने सांगितलं की इथे वनस्पतिशास्त्राचा किंवा शब्दकोशाचा अर्थ चालणार नाही, रोजच्या व्यवहारात लोक 'भाजी' कशाला म्हणतात तेच धरायचं. शिवाय करमाफीच्या यादीत आधी भाजीपाला आणि विड्याची पानं अशा दोन वेगळ्या नोंदी होत्या आणि त्यातली पानांची नोंद पुढे वगळली होती. व्यापारी हरला. भाजी आणायला पाठवलेला माणूस पानं घेऊन परत आला तर घरी त्याचं काय होईल, हे ज्याला कळतं त्याला अन्वयार्थाचा पहिला नियम कळला. लॅटिन वचनं त्यानंतर पाठ होतात.

खरी गंमत पुढे आहे. आपल्याकडे संविधान सगळ्या कायद्यांच्या वर आहे. अनुच्छेद १३ नुसार मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा तेवढ्यापुरता शून्य ठरतो. त्यामुळे कलम वाचताना 'याचा अर्थ काय' एवढं विचारून भागत नाही, 'हा अर्थ संविधानासमोर टिकेल का' हेही विचारावं लागतं. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम ६ बघ. अज्ञान (म्हणजे वयाने सज्ञान न झालेल्या) मुलाचा नैसर्गिक पालक म्हणजे वडील, आणि 'त्यांच्यानंतर' (इंग्रजी पाठात 'after him') आई. लेखिका गीता हरिहरन आणि त्यांचे पती यांनी मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायचे ठरवले आणि पालक म्हणून आईची सही दिली, तेव्हा बँकेने वडिलांची सही मागितली. 'नंतर' म्हणजे वडील वारल्यावर, असा अर्थ घेतला तर कलम समानतेच्या हक्काविरुद्ध जातं. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम रद्द केलं नाही, शब्द उलगडला. 'नंतर' म्हणजे 'गैरहजेरीत', आणि वडील मुलाची जबाबदारीच घेत नसतील किंवा आपसांत ठरवून सगळं आईकडे सोपवलं असेल, तर तीही गैरहजेरीच.

आता तुझा मराठी कान लाव. 'त्यांच्या मागे पत्नी व दोन मुलं आहेत' आणि 'माझ्या मागे घराकडे लक्ष ठेव'. एकच 'मागे', पहिल्या वाक्यात मरण आणि दुसऱ्यात नुसतं बाहेरगावी जाणं. न्यायालयाने 'after' या इंग्रजी शब्दाचं जे केलं, ते आपण बोलताना सहज करतो. (मला मात्र हा निकाल अर्धाच पुरा वाटतो. शब्द ताणला, तरी रांगेत वडील पुढेच राहिले.)

बाबांचं म्हणणं सगळं खोटं नाही. महाराष्ट्र विधिमंडळात कायदा मराठीत मंजूर होतो. पण राज्यपालांच्या प्राधिकाराने राजपत्रात त्याचा इंग्रजी अनुवाद निघाला की अनुच्छेद ३४८ (३) नुसार तोच अधिकृत इंग्रजी पाठ मानला जातो, आणि उच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत चालतं. म्हणजे मूळ मराठी, पण युक्तिवाद इंग्रजी पाठावर! म्हणूनच दोन्ही भाषांत शब्दाचं वजन ओळखणारी माणसं लागतात. भाषा संचालनालय, मंत्रालयातला विधी व न्याय विभाग, न्यायालयांतले अनुवादक, ही कामं त्यातलीच. तालुका-जिल्हा न्यायालयात मराठी चालतेच. न्यायाधीश व्हायचं असेल तर आधी तीन वर्षं वकिली हवी, ही अट २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा घातली आहे. अर्ज भरताना जाहिरात नीट वाच.

इंग्रजी कच्चं असेल तर ते वाढवावंच लागेल, त्याला पर्याय नाही. पण कादंबऱ्यांच्या इंग्रजीने सुरुवात करू नकोस. रोज एक कलम घे, इंग्रजी पाठ आणि मराठी अनुवाद शेजारी ठेव, आणि कुठे शब्द निसटलाय ते वहीत लिही. कायद्यातल्या इंग्रजी शब्दांना मराठी प्रतिशब्द देणारा न्यायव्यवहार कोश हाताशी असू दे.

कायद्यांवरचे जाडजूड भाष्यग्रंथ आत्ता घेऊ नकोस. संविधानाची मराठी आणि इंग्रजी प्रत आणि एखादा बेअर अ‍ॅक्ट (म्हणजे भाष्याशिवाय नुसता कायद्याचा पाठ), एवढंच घे, आणि उरलेले पैसे सीईटीच्या फीसाठी ठेव.