इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला चार विषय राहिले, यातून बाहेर निघता येतं का?

तू लिहिलंयस की पारोळ्याकडच्या खेड्यातून जळगावला शिकायला आलो, तिसऱ्या सेमिस्टरला चार विषय राहिले, घरी अजून सांगितलं नाही, आता कॉलेज सोडून द्यावं का.

सोडू नकोस. चार विषय निघतात. मी इकडेच एका इंजिनीअरिंग कॉलेजात गणित शिकवतो, तुझ्या वयाची पोरं रोज समोर असतात, म्हणून अरे-तुरे करतोय.

आधी चारही विषयांचे लेखी आणि अंतर्गत गुण वेगवेगळे लिहून काढ. 60 पैकी 21 पडले काय आणि 6 पडले काय, मार्कशीटवर दोन्ही नापासच. पण पहिला विषय थोड्या नेटाने निघतो, दुसरा पायापासून करावा लागतो.

मग उत्तरपत्रिकेच्या फोटोकॉपीसाठी अर्ज कर. निकालानंतर मुदत थोड्याच दिवसांची असते, म्हणून परीक्षा विभागात उद्याच जा. तपासलेली उत्तरपत्रिका बघणं हा तुझा हक्क आहे. माहिती अधिकाराखाली ती बघायला मिळाली पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2011 चा निकाल आहे. पोरं फोटोकॉपी मागवतात ती पुनर्मूल्यांकनात चार मार्क वाढतील या आशेने. मी मागवायला लावतो ते वेगळ्याच कारणासाठी.

मागे यावल तालुक्यातला एक जण एम-थ्रीची, म्हणजे इंजिनीअरिंगच्या गणिताच्या तिसऱ्या पेपरची, फोटोकॉपी घेऊन आला. "सर, मला गणित जमतच नाही," एवढंच म्हणत होता. आम्ही पानं उलटत बसलो. पहिल्याच लाप्लास ट्रान्सफॉर्मच्या उदाहरणाला साडेचार पानं गेलेली. आंशिक अपूर्णांकापर्यंत सगळं बरोबर, तिथे एक वजाचं चिन्ह सुटलं आणि तेच उदाहरण पुन्हा पहिल्यापासून मांडलेलं. पुढे एक अगदी बरोबर उत्तर त्याने स्वतःच आडवी रेघ मारून खोडलेलं. शेवटचे दोन प्रश्न कोरे. अशा पोराला गणित येत नाही असं कोण म्हणेल? तो गाईडमधली सोडवलेली उदाहरणं वाचायचा, वाचताना सगळं कळायचं. पुस्तक मिटून, घड्याळ लावून अख्खा पेपर त्याने घरी कधी सोडवलाच नव्हता. पुढच्या परीक्षेआधी आम्ही फक्त तेवढंच केलं, जुने पेपर पूर्ण वेळ लावून सोडवले. विषय निघाला.

ही नुसती माझी समजूत नाही. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये याचे प्रयोग केले. पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवत होतं, पण आठवड्यानंतर न बघता आठवून लिहिणारे पुढे निघाले. परीक्षेच्या आदल्या रात्री "सगळं येतंय" वाटतं आणि पेपरात हात थांबतो, त्यामागे हेच असतं.

तू मराठी माध्यमातून आला असशील, तर आणखी एक अडचण असू शकते: विषय कळतो, पण इंग्रजीत लिहिताना अडतं. मोठी वाक्यं लिहू नकोस. व्याख्या, आकृती, सूत्र, पायऱ्या, बास. आणि शंका मराठीतच विचार. अहिराणीत विचारलीस तरी इथल्या निम्म्या सरांना कळेल.

चारही विषय एकदम अंगावर घेऊ नकोस, चालू सेमिस्टरचे विषयही आहेतच. पहिल्या वर्षाचा एखादा अडकला असेल तर तो सगळ्यांत आधी काढ, कारण बऱ्याच विद्यापीठांत त्याशिवाय तिसऱ्या वर्षाला बसू देत नाहीत. त्यानंतर काठावर गेलेले. महाडीबीटीची स्कॉलरशिप असेल तर कार्यालयात त्या टेबलवर विचारून घे, की नूतनीकरणाचं काय होणार.

नोकरीचं म्हणशील तर कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या 60 टक्के मागतात आणि राहिलेला विषय चालवून घेत नाहीत, त्यामुळे आत्ताच अभ्यासाला लागणं बरं. एमपीएससीच्या राज्यसेवेतल्या बहुतेक पदांना पदवी लागते, टक्के नाही.

आता घरचं. वडिलांना दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत तूच सांग, आणि फोनवर नको, शनिवारी एसटीने घरी जाऊन सांग. "चार राहिले, यातले दोन उन्हाळी परीक्षेत काढतो, फॉर्मचे पैसे लागतील" असं नेमकं बोल. कापूस विकून फी भरणारा माणूस रागावेल, त्याचा हक्कच आहे तो. पण पोरगा काय करणार आहे हे कळलं की त्यालाही काहीतरी धरता येतं. झोप उडाली असेल, नको नको ते विचार येत असतील तर 14416 वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन कर, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. यात लाजण्यासारखं काही नाही.

कोणते चार विषय आणि लेखीत किती पडले, ते खाली लिही. गणित असेल तर फोटोकॉपी हातात आल्यावर कोणत्या प्रकरणापासून सुरुवात करायची ते मी सांगतो.