५५५ बदलू नका, आधी बोर्ड धुवा

तुमच्या ५५५ टायमर आयसीच्या सर्किटचा ब्रेडबोर्डवर (नुसत्या पिना खोचायचा बोर्ड) ११ सेकंदांनी बरोबर विझणारा एलईडी झिरो पीसीबीवर (सोल्डरिंग करून जोडायचा भोकांचा बोर्ड) विझतच नाही, ड्रायरची गरम हवा दिली की थोडा वेळ सगळं ठीक चालतं, आणि आयसी बदलूनही फरक नाही. तुमचं हे वर्णन वाचून राहवलं नाही. माझा टायमर अगदी असाच वागायचा, तोही ऐन पावसाळ्यात. ४ नंबरची पिन प्लसला आहे, जोडण्या बरोबर आहेत, हे धरूनच बोलतो.

तुम्ही १ मेगओहमचा रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावलाय. ९ व्होल्टवर चालणारा ५५५ थांबतो ते ६ नंबरच्या पिनवर ६ व्होल्ट आल्यावर. तिथून ग्राउंडकडे, म्हणजे मायनसकडे, २ मेगओहमपेक्षा कमी रोधाची चोरवाट असेल तर ६ व्होल्ट कधी येतच नाहीत आणि एलईडी विझत नाही. तुमच्या छोट्या पिवळ्या मीटरचा स्वतःचा रोध १ मेगओहमच असतो, त्यामुळे तो लावल्यावर चांगलं सर्किटही साडेचार व्होल्टवर अडकेल. पण तुम्हाला त्या पिनवर दिसतात साडेतीन. म्हणजे मीटर सोडून आणखी कुठेतरी गळती आहे.

माझा संशय सोल्डरिंगच्या पेस्टवर. मला ती एका दुकानदाराने दिली होती, लेबल नसलेल्या डबीत, ‘सगळ्याला चालते’ म्हणून. बंद पडलेला बोर्ड घेऊन गेलो तर त्याने न बघताच ‘आयसी गेलाय’ म्हणत दुसरा विकला, पुढच्या वेळी पुन्हा तेच. डबीत काय आहे, या प्रश्नाला उत्तर नाही. शेवटी पत्र्याला डाग देणाऱ्या एका कारागिराने डबी बघताक्षणी सांगितलं, ही तर आमची पेस्ट. तिच्यात झिंक क्लोराइड असतं, बरेचदा नवसागरही, कल्हईवाले वापरतात तोच. भांडं नंतर धुतलं जातं, बोर्ड कोणी धूत नाही. झिंक क्लोराइड हवेतलं पाणी ओढून घेतं, त्या ओलीतून करंट वाहतो आणि तांबं हिरवं पडत जातं. माझ्या बोर्डाचे पॅड (सोल्डर लावायच्या तांब्याच्या टिकल्या) गंजून गेले, सगळं नव्याने करावं लागलं. डबीत काय आहे ते सांगता येत नसेल तर ती विकूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

खात्री करायची तर १ मेगओहमच्या जागी १० किलोओहम आणि १० च्या जागी १००० मायक्रोफॅरड लावा. वेळ तीच, ११ सेकंद. रोध इतका कमी असला की छोट्या गळतीने फरक पडत नाही, म्हणून आता एलईडी विझला तर आयसी ठणठणीत आहे. गळती जुन्या कपॅसिटरमध्येही असू शकते, पण अशा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची गळती उष्णतेने वाढते, तुमची तर ड्रायरने कमी होते. म्हणून मी बोर्डालाच दोष देईन.

नुसत्या आयसोप्रोपाइल अल्कोहोलवर भागवू नका. त्याने सोल्डर वायरमधली राळ निघते, पेस्टमधले हे क्षार पाण्याने नीट निघतात. बॅटरी काढा, आयसी सॉकेटमधून काढा, रिले, बझर, प्रीसेट (स्क्रूने फिरवायचा रेझिस्टर) असतील तर सोडवून बाजूला ठेवा, जुन्या टूथब्रशने गरम पाण्यात घासा, मग अल्कोहोल, मग पूर्ण वाळवा. सॉकेटखाली पेस्ट शिरलेली असते, तेव्हा शक्यतो सॉकेट नवाच लावा. मी शिकलेला इंजिनिअर नाही, आणि हे बॅटरीवरच्या बोर्डापुरतंच सांगतोय, २३० व्होल्टच्या सर्किटला लावू नका.

पुढे पोटात राळ असलेली ६०/४० (कथील-शिसं) सोल्डर वायर घ्या, वेगळी पेस्ट लागतच नाही. जाता जाता, ५ नंबरच्या पिनवरून ग्राउंडला ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर नसेल तर तोही लावून टाका.